बाबांची बुलेट, तेलाची नळी आणि तांब्याचं वॉशर

मागच्या वेळी आपण कुकरच्या रिंगबद्दल बोललो. या वेळी स्वयंपाकघरातून बाहेर पडून अंगणात येऊ. आमच्या अंगणात बाबांची बुलेट उभी आहे आणि तिच्याखाली एक पुठ्ठा अंथरलेला आहे. आजची गोष्ट त्या पुठ्ठ्याची.

तुमच्या घरात कोणाकडे जुनी मोटरसायकल असेल, बाबांची, काकांची, आजोबांची, तर त्यांना हा लेख वाचून दाखवा. मी इंग्रजीत बी.ए. केलंय, मेकॅनिक नाही. पण गेलं वर्षभर पाना-पक्कड हातात देण्याचं काम माझ्याकडे होतं आणि त्यातून जे कळलं ते मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

आधी थोडी ओळख. आम्ही भिलाईचे. इथला पोलाद कारखाना सोव्हिएत रशियाच्या मदतीने उभा राहिला. करार 1955 चा, आणि पहिली ब्लास्ट फर्नेस 4 फेब्रुवारी 1959 ला सुरू झाली. त्या काळात विदर्भातून बरीच मराठी माणसं कामासाठी इकडे आली, त्यात माझे आजोबा. नंतर बाबाही प्लांटमध्ये लागले, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. गंमत म्हणजे बुलेटचं भारतातलं सालही 1955 च. मद्रासमध्ये एन्फील्ड इंडिया तेव्हाच सुरू झाली. आमची गाडी 1989 ची, स्टँडर्ड 350. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. माझ्या दादाला ती चालवताच येत नाही, मला येते. हे मी मुद्दाम लिहितेय.

आता मुद्दा. बुलेटचं हे जुनं इंजिन हवेवर थंड होतं. त्याला रेडिएटर नाही, पाणी नाही. बाहेरच्या पट्ट्यांवरून, म्हणजे फिन्सवरून, वारा गेला की उष्णता जाते आणि उरलेलं काम इंजिन ऑइल करतं. ऑइल फक्त वंगण आहे असं मला वाटायचं. तसं नाही. तापलेल्या भागांवरून फिरताना ते उष्णताही उचलून नेतं. मूळ डिझाइन इंग्लंडचं, तिकडच्या थंड हवेतलं, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा 44 च्या वर जातो. पॉवर हाउसच्या रेल्वे फाटकाजवळ किंवा सुपेल्याच्या रविवार बाजाराच्या गर्दीत गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगायला लागली की वाराही नाही. मांडीला झळ लागते.

त्यामुळे बाबांच्या डोक्यात ऑइल कूलर आला. त्यात तेल घातलं ते पुण्याच्या मावसभावाने. त्याच्याकडे पल्सर 220 आहे, तिला कंपनीकडूनच ऑइल कूलर लागून येतो. समोर छोटी जाळी, तिच्यातून तेल फिरतं आणि वाऱ्याने थंड होऊन परत जातं. "काका, तुमच्या गाडीलाही लावून घ्या, लोक लावतात," असं तो म्हणाला. लोक लावतात हे खरं आहे. कसं लावतात, हे त्याने सांगितलं नाही.

एका गॅरेजमध्ये ते काम झालं. कुठल्या तरी भंगारात निघालेल्या गाडीचा कूलर पुढच्या पाइपला क्लिपने बांधला. बुलेटच्या इंजिनला उजव्या बाजूने, टायमिंग कव्हरकडून वर रॉकरकडे तेल नेणारी एक बारीक धातूची नळी बाहेरूनच जाते. ती नळी मधोमध कापली, दोन्ही टोकांना रबरी पाइप चढवला, स्क्रूच्या क्लिपा आवळल्या आणि मध्ये कूलर जोडला. काम दोन तासांत संपलं. बाबांनी स्वतः उभं राहून करून घेतलं. आयुष्यभर प्लांटमध्ये पाइप बघितलेला माणूस, पण स्वतःच्या गाडीपुढे तोही मोहात पडला.

पंधरा दिवसांनी भंडाऱ्याला आत्याच्या मुलीचं लग्न होतं. दुर्ग, राजनांदगाव, बाघनदी, देवरी, साकोली असा नेहमीचा रस्ता. रेल्वेने जा म्हणून मी सांगत होते. आई म्हणाली, "जाऊ दे ना गं, इतक्या वर्षांनी निघालोत दोघं." पहाटे निघाले. देवरीच्या पुढे टॅपेटचा टकटक आवाज वाढला. बाबांच्या लक्षात आलं, त्यांनी गाडी बाजूला घ्यायला वळवली आणि डांबरावरून मुरमावर उतरताना मागचं चाक सरकलं.

वेग कमी होता म्हणून निभावलं. बाबांच्या मनगटाला प्लास्टर, आईच्या कोपराला चार टाके. रबरी पाइप क्लिपमधून निसटला होता आणि तेल सायलेन्सरवर, तिथून मागच्या टायरवर. धूरही निघत होता, पण आई एका बाजूला पाय सोडून बसते, डावीकडे तोंड करून. गळती उजवीकडे. तिला काही दिसलंच नाही. "मला वाटलं शेतात कोणी पाचोळा जाळतंय," ती नंतर म्हणाली. हे वाक्य अजून माझ्या कानात आहे.

तर आता त्या पाइपचं काय चुकलं ते बघू.

तुमच्या स्वयंपाकघरात गॅसची नारिंगी नळी असते ना, सुरक्षा होज? तिच्यावर तारीख छापलेली असते आणि पाच वर्षांनी ती बदलायची असते, दिसायला कितीही चांगली असली तरी. कारण रबर बाहेरून कळत नाही. आतून ते कडक होतं किंवा फुगतं. आमच्या गाडीला लावलेला पाइप साध्या रबराचा होता. पेट्रोलच्या टाकीखाली लावतात त्या जातीचा. पेट्रोल थंड असतं, त्याला दाब जवळपास नसतो. इथे आत शंभर अंशांच्या आसपास तापलेलं तेल. दोन आठवड्यांत रबर मऊ पडलं, क्लिपखाली दबून पातळ झालं, आणि बुलेटचा धडधडाट तर तुम्हाला माहीतच आहे. प्रत्येक धक्क्याला तो एक केसभर सरकत गेला असणार. शिवाय कापलेल्या नळीचं टोक गुळगुळीत होतं. होज चढवायच्या टोकाला एक उंच कडा असावी लागते, जिच्यामागे क्लिप अडकते. ती नव्हती.

प्लास्टर असतानाच बाबांनी मला अंगणात बसवून हे सगळं दाखवलं. ते ब्लास्ट फर्नेसच्या थंड पाण्याच्या कामावर होते. भट्टीत वितळलेलं लोखंड 1500 अंशांच्या आसपास असतं आणि भट्टीची भिंत टिकते ती तिच्यातून सतत फिरणाऱ्या पाण्यामुळे. "पाणी थांबलं की भट्टी थांबत नाही," ते म्हणायचे. 2014 च्या जूनमध्ये इथे पंप हाउसमध्ये पाण्याचा दाब पडला, विषारी गॅस पसरला आणि सहा जण गेले. त्या रात्री बाबा खूप उशिरा घरी आले होते. मी तेव्हा शाळेत होते, त्यांनी काही सांगितलं नाही, पण जेवलेही नाहीत. नंतर कित्येक दिवस ते घरातला प्रत्येक नळ, गॅसची प्रत्येक पिन हाताने तपासायचे. त्याच माणसाने स्क्रूच्या क्लिपेवर विश्वास ठेवला याचा त्यांना स्वतःचाच राग आला होता. मनगटापेक्षा तो जास्त दुखत होता.

मग आम्ही ठरवलं की आधी कारण शोधायचं, कूलर नंतर.

गाडी इतकी तापतच का होती? पॉवर हाउसकडच्या एका जुन्या मिस्त्रींना बाबांनी घरी बोलावलं. ते कूलरकडे बघून हसले आणि म्हणाले, "साहब, बुखार उतारने के पहले बीमारी तो पूछते." त्यांनी पॉइंट उघडले. इग्निशनचं टायमिंग मागे पडलं होतं, म्हणजे ठिणगी उशिरा पडत होती आणि आग सायलेन्सरकडे जाईपर्यंत जळत राहत होती. अशी गाडी तापते, ओढतही नाही. दुसरं, कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधलं पॅकिंग फाटलं होतं, तिथून जास्तीची हवा घुसत होती. पेट्रोल कमी, हवा जास्त, म्हणजे आणखी ताप. तिसरं, ऑइल फिल्टर. तो कधी बदलला होता हे बाबांना आठवेना. रिटायर झाल्यावर वेळ भरपूर असतो असं लोक म्हणतात.

तिन्ही कामं झाल्यावर तापमान बघितलं. बाबांच्या मित्राकडे कारखान्यात वापरतात तसा लांबून तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर आहे. यात एक गंमत कळली. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो धरला की आकडा खोटा, खूप कमी येतो. म्हणून क्रँककेसवर काळ्या टेपचा छोटा तुकडा चिकटवायचा आणि त्याच्यावर मोजायचं. दुर्गला जाऊन परत आल्यावर आकडा शंभरच्या आत होता, तोही दुपारी. एअर-कूल्ड इंजिनला तेल साधारण 90 ते 110 अंश असलं तर चालतं. 130 च्या वर जायला लागलं की साधं मिनरल ऑइल भराभर खराब होतं. म्हणजे आमच्या गाडीला कूलरची गरजच नव्हती.

माझं मत विचाराल तर, जुन्या बुलेटला कूलर लावायच्या आधी या तीन गोष्टी बघा. दहातल्या नऊ वेळा तिथेच उत्तर मिळेल. दहातल्या नऊ हा आकडा माझा नाही, मिस्त्रींचा आहे, आणि मिस्त्री आकडे फुगवतात. तरीही.

कूलर काढला, पण कापलेली नळी तशीच होती. ती नवी करायची होती. बाजारात मूळ नळी मिळते, पण बाबांना आता हट्टच होता की या वेळी जोड असा करायचा की परत त्याच्याकडे बघावं लागू नये. धातूच्या नळीत एक अडचण आहे. सततच्या थरथरीने धातू हळूहळू कडक होतो आणि जोडाजवळ चीर पडते. आमच्या नळीला पूर्वी दोनदा झाळ लावलेलं दिसत होतं. लवचीक नळी असेल तर थरथर ती खाऊन टाकते. म्हणून आम्ही नंदिनी रोडच्या बाजूला, जिथे जेसीबी आणि डंपरचे हायड्रॉलिक पाइप करून देतात, तिथे गेलो.

दुकानात पहिला प्रश्न आला, "बीएसपी है क्या?"

बाबा म्हणाले, "हां, रिटायर हो गया."

दुकानदार आणि मी दोघंही हसलो. भिलाईत बीएसपी म्हणजे भिलाई स्टील प्लांट, दुसरं काही असू शकतं हे इथे कोणाच्या मनात येत नाही. दुकानदार विचारत होता आट्यांबद्दल. ब्रिटिश स्टँडर्ड पाइप, आट्यांची एक जात. आणि हा विनोदापुरता विषय नाही, कारण जुन्या बुलेटमध्ये बरेच आटे ब्रिटिश इंचाचे आहेत. आज दुकानात सहज मिळतात ते बहुतेक मेट्रिक. ब्रिटिश आट्याचा कोन 55 अंश, मेट्रिकचा 60. मेट्रिक बोल्ट जुन्या भोकात एक-दोन फेरे छान जातो, मग अडतो, मग माणूस जोर लावतो. भोक ॲल्युमिनियमचं, बोल्ट स्टीलचा. आटे कोणाचे जाणार ते सांगायला नको. म्हणून जुना बोल्ट बरोबर न्या आणि दुकानातल्या गेजवर मोजून घ्या. बोटाने शेवटपर्यंत फिरला तरच तो आपला.

नळीची निवड हा दुसरा भाग. जेसीबीच्या होजवर दोनशेहून जास्त बारचा दाब लिहिलेला असतो, ते वाचून आपण खूश होतो. पण बुलेटच्या तेलाला तेवढा दाब कधीच नसतो. आपण तापमान वाचायचं. साध्या हायड्रॉलिक होजवर बहुतेक 100 अंशांची मर्यादा असते, म्हणजे आपण अगदी काठावर. आतून टेफ्लॉन आणि बाहेरून स्टीलच्या तारांची वीण असलेली नळी दोनशे अंशांपर्यंत आरामात टिकते. आम्ही ती घेतली. महाग पडली. आईने किंमत विचारली तेव्हा बाबांनी निम्मी सांगितली, आणि हा लेख आई वाचणार आहे हे मला लिहिताना आठवलं.

अशीच तारांची वीण असलेली ब्रेकची नळीही मिळते आणि दिसायला अगदी तशीच असते. तिचं आतलं भोक मात्र जेमतेम तीन मिलीमीटर. कूलरला ये-जा करणाऱ्या तेलासाठी कोणी ती सुचवली तर घेऊ नका. बुलेटचा पंप दमदार नाही. बारीक भोक, लांब नळी आणि काटकोनातली वळणं असली की वर तेल पोचायला त्रास होतो. आमच्या गाडीत मुळात तीच चूक होती. रॉकरकडे जाणाऱ्या वाटेतच कूलर घातला होता, म्हणजे रॉकरचा घास काढून कूलरला दिला. ज्यांना खरंच कूलर लावायचा आहे त्यांनी तो तेल परत टाकीकडे येण्याच्या वाटेवर लावावा. तिथे थोडा अडथळा आला तरी वरचे भाग उपाशी राहत नाहीत. आणि डिसेंबरमध्ये त्याच्यावर काहीतरी झाकण घाला. तेल फार थंड राहिलं तर त्यातली वाफ उडत नाही, झाकणाच्या आत सायीसारखा पांढरा थर जमतो.

आता वॉशर. मिस्त्री वायसर म्हणतात, मीही तेच म्हणायला लागले आहे.

नळीच्या टोकाला एक कडं असतं आणि त्याच्यातून आत पोकळ असलेला बोल्ट जातो, त्याला बँजो बोल्ट म्हणतात. तेल बोल्टच्या पोटातून येतं आणि बाजूच्या भोकातून कड्यात जातं. कड्याच्या वर एक आणि खाली एक अशी तांब्याची दोन वॉशर लागतात. गळती थांबवतात ती ही वॉशर, आटे नाहीत. तांबं मऊ असतं, आवळल्यावर दोन्ही बाजूंच्या खरखरीत पृष्ठभागात बसतं. पण एकदा दाबलं गेलेलं तांबं कडक होतं. तेच परत लावलं की ठिबकतं. ठिबकलं की माणूस आणखी आवळतो, आणि मग कव्हरचे आटे जातात किंवा पोकळ बोल्ट मानेपाशी तुटतो. नवं वॉशर चहापेक्षा स्वस्त आहे. नसेलच मिळत तर जुनं वॉशर गॅसवर लालबुंद करून पाण्यात टाकायचं, ते परत मऊ होतं. आम्ही हे आमच्याच शेगडीवर केलं, चिमट्यात धरून, आई देवळात गेली असताना.

बँजोच्या आट्यांवर नळाची पांढरी टेप गुंडाळायची नाही. त्या टेपचा तुकडा आत गेला तर बारीक वाटेत अडकून बसेल.

सगळं जोडल्यावर बाबांनी हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून बघितलं, नळी कुठे ताणली जात नाही ना, सायलेन्सरला लागत नाही ना. मग किक. गाडी संथ चालू असताना त्यांनी रॉकरजवळचा बँजो बोल्ट अर्धा फेरा सैल केला आणि आम्ही दोघं डोळे लावून बसलो. काही सेकंद काहीच नाही. मग कड्याच्या कडेने तेल पाझरलं. वर पोचलं होतं. बाबांनी बोल्ट परत आवळला, चिंधीने पुसला आणि काहीच बोलले नाहीत. तुम्ही हे करणार असाल तर जाड हातमोजे घाला, तेल पोळतं.

पहिले पन्नास किलोमीटर झाल्यावर आणि मग पाचशेवर, इंजिन थंड असताना, आम्ही सगळे बोल्ट एकदा पान्याने तपासले. पन्नासला एक किंचित सैल निघाला. पाचशेला एकही नाही.

आई अजून बुलेटवर बसलेली नाही. आम्ही कोणी तिला विचारत नाही. गेल्या रविवारी बाबा भाजीला निघाले तेव्हा ती गेटपर्यंत आली, गाडीच्या उजव्या बाजूला वाकून बघितलं, नळीला बोट लावलं, बोट पदराला पुसलं. पदर स्वच्छ राहिला. मग "कोथिंबीर ताजी बघून घ्या" म्हणाली आणि आत गेली.

पुठ्ठा मात्र रोज सकाळी तपासला जातो. काल त्याच्यावर रुपयाएवढा डाग होता. मी घाबरून बाबांना हाक मारली. त्यांनी चष्मा लावला, खाली वाकले.

"डावीकडचा आहे हा. प्रायमरी कव्हरचा. हा तर तुझ्या जन्माच्या आधीपासून आहे."

आणि पुठ्ठा उलटा करून परत गाडीखाली सरकवला.